पितळेवरच्या खुणा वाचताना
लष्करी बँडची जुनी वाद्ये कशी ओळखावीत?

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी दुर्बिणी, होकायंत्रे आणि ग्रामोफोनचे भोंगे यांच्या शेजारी हमखास एखादे बिगुल टांगलेले दिसते. ते पहिल्या महायुद्धातील असल्याचे विक्रेता सांगतो आणि खरेदीदाराचाही त्यावर विश्वास बसतो. दुसरीकडे, खरोखरच शंभर वर्षांपूर्वीचे कॉर्नेट किंवा युफोनियम मोडकी वस्तू म्हणून किलोच्या भावाने भंगारात जाते. दोन्ही प्रकारांमागचे कारण एकच. वाद्याच्या अंगावर कोरलेली माहिती वाचणारे डोळे कमी आहेत.

वास्तविक जुने लष्करी वाद्य हे स्वतःचा दाखला स्वतःबरोबर बाळगणारी वस्तू आहे. कारखान्याचा पत्ता, अनुक्रमांक, पलटणीचे नाव, राजमुकुटाचा आकार, पिस्टनची घडण, नळीचा सांधा अशी प्रत्येक खूण काळाचा एक एक धागा हाती देते. एका खुणेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. परंतु चार-पाच खुणा एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या, की वाद्याचे वय बऱ्याच अंशी निश्चित होते.

प्रथम वाद्याची जात ओळखावी

लष्करी बँडमधील धातूच्या वाद्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग इशाऱ्याच्या वाद्यांचा. त्यांना कळा नसतात आणि पिस्टनही नसतात. केवळ ओठांच्या दाबावर मोजके स्वर निघतात आणि त्यातून पहाटेची, जेवणाची, कूच करण्याची सूचना दिली जाते. ब्रिटिश पायदळाचे बिगुल हे त्याचे परिचित उदाहरण. त्याची नळी दोनदा वळवलेली असते, अंग तांब्याचे असते आणि कर्ण्याच्या कडेची पट्टी व माउथपीस बसण्याची जागा पितळेची असते. घोडदळाचे ट्रम्पेट मात्र पूर्णपणे पितळी, अधिक लांब आणि खालच्या सुरातले असते. अमेरिकी लष्कराचे १८९२ च्या नमुन्याचे ट्रम्पेट यापेक्षा वेगळे असून त्याला सूर बदलण्यासाठी सरकती नळी असते.

दुसरा वर्ग बँडच्या वाद्यांचा. कॉर्नेट, ट्रम्पेट, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही त्यातील नेहमीची मंडळी. यांपैकी काही वाद्यांचा आकारच काळ सांगतो. उदाहरणार्थ, कर्णा वादकाच्या खांद्यावरून मागे वळलेले वाद्य आढळल्यास ते बहुधा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे असते. १८३८ मध्ये ॲलन डॉडवर्थ यांनी पुढे आणलेली ही रचना १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात विशेष प्रचारात होती. बँड पुढे चालत असे आणि सैनिक मागे. त्यांना सूर स्पष्ट ऐकू यावेत, हा त्यामागील साधा हेतू होता. ब्रिटिश बँडमधील जी सुराचे बास ट्रॉम्बोनही असेच सहज ओळखू येते. त्याची सरकती नळी इतकी लांब असते, की हात पुरत नाही म्हणून तिला एक मूठ जोडलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे वाद्य मागे पडले.

यंत्रणा सांगते काळ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धातूच्या वाद्यातून सर्व स्वर काढण्यासाठी अनेक प्रयोग झाले. आयर्लंडमधील कॅव्हन मिलिशियाचे बँडमास्टर जोसेफ हॅलिडे यांनी १८१० मध्ये बिगुलाला कळा बसवून त्याचे पेटंट घेतले. पॅरिसच्या हालारी यांनी १८२१ मध्ये याच तत्त्वावर मोठ्या आकाराच्या ऑफिक्लाइड या वाद्याचे पेटंट मिळवले. नळीवर मोठमोठी छिद्रे आणि त्यांवर झाकणांसारख्या कळा असलेले वाद्य हे या पिढीचे होय. अशी अस्सल वाद्ये आता प्रामुख्याने संग्रहालयांतच आढळतात.

कळांची जागा पुढे व्हॉल्व्हनी घेतली. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांना १८१८ मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचे संयुक्त पेटंट मिळाले. श्टोल्त्सेल यांच्या नावाने ओळखला जाणारा पिस्टन बारीक व लांबट असतो आणि हवेचा मार्ग त्याच्या तळातून जातो. वाद्याची नळी पिस्टनच्या बुडाशी जोडलेली दिसली, तर ते वाद्य एकोणिसाव्या शतकातील असण्याची दाट शक्यता असते. पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस सुधारलेला आखूड व जाड पिस्टन आजही वापरात आहे. त्यामुळे केवळ तो पाहून वय ठरवता येत नाही.

जर्मन आणि ऑस्ट्रियन पलटणींनी वेगळी वाट धरली. व्हिएन्नाचे योसेफ रीडल यांनी १८३५ मध्ये पेटंट घेतलेला फिरता व्हॉल्व्ह त्या प्रदेशात रूढ झाला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये विल्हेल्म व्हीप्रेख्त आणि योहान गॉटफ्रीड मोरित्स यांनी ट्यूबाचे पेटंट घेतले. व्हीप्रेख्त हे प्रशियाच्या लष्करी बँडचे धुरीण होते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या शोधांमागे रणवाद्यांची गरज किती होती हे कळते. फ्रान्समध्ये अदोल्फ साक्स यांनी सॅक्सहॉर्न या वाद्यकुलाची निर्मिती केली. १८४५ मध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर जुन्या व नव्या वाद्यरचनेचा जाहीर सामना झाला आणि त्यानंतर फ्रेंच लष्करी बँडचे रूप पालटले.

ब्रिटिश युफोनियम व ट्यूबांवर आणखी एक खूण शोधावी. पिस्टनच्या मागील बाजूस नळीची जादा लहान वेटोळी दिसल्यास ती ‘कॉम्पेन्सेटिंग’ रचना असते. दोन-तीन पिस्टन एकदम दाबले असता स्वर बेसूर होतो. तो दोष दूर करण्यासाठी बूझी कंपनीतील डेव्हिड जेम्स ब्लेक्ली यांनी १८७४ मध्ये ही युक्ती काढली. म्हणजेच अशी वेटोळी असलेले वाद्य त्याआधीचे असू शकत नाही.

कारखान्याचे नाव आणि पत्ता

निर्मात्याचे नाव बहुधा कर्ण्यावर किंवा पिस्टनच्या नळकांड्यावर कोरलेले असते. नावापेक्षा पत्ता अधिक बोलका असतो. बूझी अँड कंपनी १८७४ मध्ये लंडनच्या होल्स स्ट्रीटवरून २९५, रीजंट स्ट्रीट येथे गेली. त्यामुळे दुसरा पत्ता असलेले वाद्य त्यानंतरचे. हॉक्स अँड सन यांचा पिकॅडिली सर्कसजवळील डेन्मन स्ट्रीट आणि बेसन कंपनीचा १९८, युस्टन रोड हे पत्तेही भारतात सापडणाऱ्या वाद्यांवर आढळतात. बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्यांचे १९३० मध्ये विलीनीकरण झाले. ‘बूझी अँड हॉक्स’ असे जोडनाव असलेले वाद्य १९१४ चे म्हणून कोणी विकू लागल्यास तेवढ्या एका खुणेवर तो दावा फेटाळता येतो. बेसन कंपनीही १९४८ मध्ये याच समूहात आली. परंतु तिचे नाव पुढेही वाद्यांवर कोरले जात राहिले. म्हणून केवळ ‘बेसन’ या नावावर विसंबू नये.

कर्ण्यावर कोरलेली प्रदर्शनांतील पदके हीदेखील उपयुक्त खूण आहे. पदकावर जे साल असते, त्याच्या आधीचे ते वाद्य असू शकत नाही. नंतरचे मात्र कितीही असू शकते. नेमकी हीच बाब अनेकदा विसरली जाते आणि १८७८ च्या पदकाची नक्कल मिरवणारे वाद्य त्याच सालचे समजले जाते.

मध्य युरोपातील वाद्यांच्या बाबतीत गावाचे नाव पाहावे. बोहेमियातील क्योनिगग्रेत्स व ग्रास्लित्स ही जर्मन नावे १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया अस्तित्वात आल्यावर मागे पडली आणि ऱ्हादेत्स क्रालोव्हे व क्रास्लित्से ही चेक नावे पुढे आली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असल्यास वाद्य १९१८ नंतरचे, हे उघड आहे.

येथे एक फसवी खूण आवर्जून सांगितली पाहिजे. पॅरिसच्या कुएनाँ कंपनीचे बोधचिन्ह ज्वाळा निघणाऱ्या हातगोळ्याचे होते. असाच हातगोळा ग्रेनेडियर पलटणींच्या बिल्ल्यावरही असतो. त्यामुळे कुएनाँचे साधे नागरी कॉर्नेट ‘ग्रेनेडियर पलटणीचे’ म्हणून खपू शकते. चिन्हाजवळ निर्मात्याचे नाव आहे की पलटणीचे, एवढे पाहिले तरी गफलत टळते.

बाण, मुकुट आणि पलटणीचे नाव

वाद्य लष्करात वापरले गेले होते का, या प्रश्नाचे उत्तर सरकारी शिक्क्यांत असते. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर तीन रेषांचा बाण उमटवला जाई. कॅनडात हा बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आत, तर ऑस्ट्रेलियात दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असे. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानच्या सरकारी सामानावर बाणासोबत ‘आय’ हे अक्षर आढळते. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडवून चांदणीसारखी आकृती केलेली असल्यास ती वस्तू लष्करी सेवेतून बाद करून विकल्याची खूण समजावी. अशी खूण असलेले वाद्य बाजारात येण्यात संशयास्पद काही नसते.

राजमुकुटाचा आकार हे कालमापनाचे दुसरे साधन. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १९०१ पर्यंत, मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित दबलेल्या दाखवल्या जात. १९०१ ते १९५२ या काळातील राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोलाकार असतात. एलिझाबेथ राणीच्या काळात, १९५३ पासून, पुन्हा दबलेल्या कमानींचा मुकुट आला. सोबतची अक्षरेही पाहावीत. ‘व्ही.आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, ‘ई.आर.’ व सात म्हणजे सातवा एडवर्ड, ‘जी.आर.’ म्हणजे जॉर्ज. ‘ई.आर.’ या अक्षरांत दोनचा रोमन आकडा असलेले बिगुल ब्रिटिश हिंदुस्थानातील असूच शकत नाही. कारण दुसरी एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा भारत प्रजासत्ताक झालेला होता. भारतीय लष्कराच्या चिन्हांत मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली.

महाराष्ट्रातील वाचकांना सर्वांत जवळची खूण म्हणजे मराठा पलटणींची नावे. हिंदुस्थानी लष्कराची १९०३ आणि १९२२ मध्ये मोठी फेररचना झाली आणि दोन्ही वेळा पलटणींची नावे बदलली. ‘१०३ महरट्टा लाइट इन्फंट्री’ हे नाव केवळ १९०३ ते १९२२ या काळात अस्तित्वात होते. १९२२ मध्ये तीच पलटण पाचव्या महरट्टा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. म्हणून ‘१०३’ हा आकडा असलेल्या वाद्यावर १९३० चे साल कोरलेले असेल, तर दोहोंपैकी एक कोरीव काम खोटे आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ‘मराठा’ शब्दात जादा ‘एच’ आणि दोन ‘टी’ असत. आजचे ‘मराठा’ हे लेखन स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. लाइट इन्फंट्री पलटणींचे परंपरागत चिन्हच बिगुल असल्याने त्यांच्या वाद्यांवर बिगुलाचीच आकृती कोरलेली आढळते.

उंच सुराचा पेच

जुने वाद्य आजच्या बँडबरोबर वाजवून पाहिले, की ते चढे लागते. वाद्य बिघडले असा समज होतो. पण बहुतेक वेळा ते बिघडलेले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्करी बँड उंच पट्टीत वाजवत. त्या पट्टीत ‘ए’ स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४५२ होती. आज ती ४४० मानली जाते. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा आहे.

पट्टी एकसारखी असावी ही गरज लष्कराला कशी जाणवली, याची हकिगत प्रसिद्ध आहे. क्रिमियन युद्धाच्या वेळी १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुतारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात अनेक बँडनी राष्ट्रगीत वाजवले. ते वेगवेगळ्या पट्टीत आणि वेगवेगळ्या रचनेत वाजल्याने मोठीच नामुष्की ओढवली, असे सांगितले जाते. त्यानंतर १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. २०२१ मध्ये ती तेथून हलवण्यात आली. भारतीय लष्कराची अशी संस्था मध्य प्रदेशातील पंचमढी येथे असून ती १९५० पासून कार्यरत आहे.

ब्रिटिश लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस खालची पट्टी स्वीकारली. नागरी ब्रास बँडनी मात्र उंच पट्टी १९६० च्या दशकापर्यंत सोडली नाही. अमेरिकी वाद्यांवर या दोन पट्ट्यांसाठी ‘एच.पी.’ आणि ‘एल.पी.’ अशी अक्षरे कोरलेली असत. उंच पट्टीतील वाद्य मूळ स्थितीत सापडल्यास ती त्याच्या वयाची मोठी साक्ष असते. दुर्दैव असे, की पट्टी बदलल्यामुळेच अशी वाद्ये निरुपयोगी ठरली. काहींच्या नळ्या लांबवल्या गेल्या, काहींचे दिवे झाले आणि बाकीची वितळवली गेली. नळीला मागाहून जोडलेला तुकडा दिसल्यास त्याला दोष न मानता वाद्याच्या चरित्रातील एक टप्पा मानावे.

धातू, सांधा आणि स्क्रू

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. वाद्यांसाठी सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त हे प्रमाण नेहमीचे. जुना कर्णा पत्रा वळवून व सांधा जोडून केला जाई. आतून प्रकाश टाकल्यास ही सांध्याची रेघ दिसते. काही वाद्यांत ती करवतीच्या दातांसारखी असते. दातेरी सांधा हे हातकामाचे लक्षण आहे.

मुलामाही काही सांगतो. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचे पेटंट इंग्लंडच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. निकेलचा मुलामा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि क्रोमचा १९२० च्या दशकानंतर प्रचारात आला. फुलीच्या आकाराची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातील आहे. १८९० च्या म्हटल्या जाणाऱ्या कॉर्नेटवर असा स्क्रू आढळल्यास निदान तो भाग तरी नवा आहे.

पिस्टनवर आणि त्याच्या नळकांड्यावर १, २, ३ असे आकडे असतात. ते एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. जुळत नसतील, तर दोन वाद्यांचे भाग एकत्र केलेले असू शकतात.

नक्कल कशी उघडी पडते?

उत्तर प्रदेशातील मेरठ हे शंभरहून अधिक वर्षांपासून बँडच्या वाद्यांचे केंद्र आहे. तेथील जली कोठी भागात ती बनतात आणि देशभरातील वरातींत वाजतात. नवे वाद्य म्हणून विकले जाणारे नवे बिगुल यात गैर काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो सजावटीसाठी केलेल्या बिगुलावर कोठेतरी जुन्या पलटणीचे नाव चढवले जाते तेव्हा.

खऱ्या वाद्याची झीज हात लागतो तेथे असते. डाव्या हाताची पकड, पिस्टनच्या टोप्या, माउथपीस बसण्याची जागा आणि कर्ण्याची जमिनीवर टेकणारी कड येथे धातू झिजलेला असतो. उलट रसायनाने काळवंडलेले नवे वाद्य सर्वत्र सारखेच जुने दिसते. लष्करी वाद्ये सतत घासली जात. त्यामुळे त्यांवरील अक्षरे पुसट आणि कडा गुळगुळीत होतात. अंगभर डाग असूनही अक्षरे मात्र धारदार असतील, तर ती मागाहून कोरलेली असण्याचा संभव मोठा. अक्षरांच्या खाचेत तळाशी चकाकता धातू दिसणे हेही त्याचेच लक्षण. शेवटची परीक्षा वाजवण्याची. सजावटीच्या बिगुलाची नळी आतून ओबडधोबड व सांधे गळके असतात. त्यातून नेमके स्वर निघत नाहीत.

खात्री आणि जतन

अनुक्रमांक हा वाद्याचा सर्वांत मोलाचा पुरावा. तो बहुधा मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर असतो. बूझी, हॉक्स आणि बेसन यांच्या जुन्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जतन केलेल्या असून त्यांच्या आधारे अनेक वाद्यांच्या निर्मितीचा काळ शोधता येतो. निर्मात्यांच्या माहितीसाठी विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘न्यू लँगविल इंडेक्स’ हा कोश प्रमाण मानला जातो.

हे सारे शोधण्यापूर्वी वाद्याला पॉलिश लावण्याचा मोह आवरावा. चिंच, लिंबू किंवा पितळेचे पॉलिश यांनी चकाकी येते. पण पुसट झालेले पलटणीचे नाव त्यात कायमचे नाहीसे होऊ शकते. प्रथम तिरक्या प्रकाशात प्रत्येक खुणेची छायाचित्रे घ्यावीत, आकडे लिहून ठेवावेत आणि धूळ फक्त मऊ कोरड्या कापडाने पुसावी. नळीवर गुलाबी ठिपके दिसल्यास पितळेतील जस्त झिजून धातू कमकुवत झाल्याचे समजावे. अशा ठिकाणी पोचा काढण्याचा प्रयत्न केल्यास नळीला भोक पडते.

परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर असे वाद्य पाठवण्यापूर्वी कायदाही पाहणे आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवता येते. पहिल्या महायुद्धातील बिगुलाने आता शंभरी ओलांडली आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

घरच्या माळ्यावर आजोबांचे किंवा पणजोबांचे कॉर्नेट असेल, तर त्याची बाजारातील किंमत कदाचित फार नसेलही. परंतु त्यावरील पलटणीचे नाव आणि अनुक्रमांक यांवरून ते कोठे घडले, कोणत्या पलटणीत वाजले आणि केव्हा सेवेतून बाहेर पडले, याचा माग काढता येतो. बहुतेक बँडवाल्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आलेली नाहीत. त्यांच्या सेवेची पितळेवर उरलेली नोंद भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी एकदा वाचली जावी, एवढी अपेक्षा निश्चितच रास्त आहे.